दिवसा लाईट आली. आता विहिरीची राखण कोण करणार?

वैजापूर तालुक्यातल्या धोंदलगावात सप्टेंबर २०२४ मध्ये ३ मेगावॉटचा सौर प्रकल्प सुरू झाला. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजना २.० मधला राज्यातला हा पहिला प्रकल्प. आसपासच्या पाच गावांतल्या सतराशेच्या आसपास शेतीपंपांना त्यातून दिवसा वीज मिळू लागली. त्यानंतर जिल्ह्यात आणि राज्यात असे प्रकल्प वाढत गेले. कुठं सबस्टेशनच्या बाजूला गायरानावर पॅनल उभे राहिले, कुठं कोणाच्या मुरमाड रानात. शिवाय 'मागेल त्याला सौर कृषी पंप' योजनेतून बांधाबांधावर स्वतंत्र पंप बसतायत ते वेगळेच.

दिवसा वीज ही मागणी आजची नाही. थंडीत रात्री दोनला उठून दारं धरायला जाणं काय असतं, ते ज्याने केलंय त्यालाच माहीत. साप-विंचू चावतात, चिखलात उभं राहून स्टार्टरला हात लावताना शॉक बसतो, आणि आता बिबट्या. जुन्नर, आंबेगाव, शिरूरकडे दिवसा विजेची मागणी बिबट्याच्या भीतीने जोर धरून आहे. आपल्याकडेही डोंगरकडेच्या गावांत रात्री एकटा माणूस मोटार चालू करायला जायला धजावत नाही. त्यामुळे दिवसा आठ तास थ्री फेज मिळत असेल, तर त्याला नाक मुरडायचं काही कारण नाही. चांगलं आहे ते चांगलंच म्हणायचं.

पण या सगळ्यात एक गोष्ट कोणी बोलत नाही. आजवर आपल्या विहिरींना राखण होती ती भारनियमनाची. लाईट आठ तास, त्यात दोनदा ट्रिप, डीपी जळाली तर आठ-पंधरा दिवस सुट्टी. आपण शिव्या घालत होतो, आणि त्या बरोबरच होत्या. पण त्या नादात विहिरीला झिरपायला वेळ मिळत होता. आता ती राखण उठली. विजेला बिल नाही, सौर पंपाला तर वेळापत्रकही नाही, ऊन आहे तोवर मोटार चालू. मग पाणी उपसायला थांबवणार कोण, हा या योजनेचा खरा प्रश्न आहे.

सरकारला सौर एवढं का हवं आहे

सरकार एवढ्या जोरात सौरच्या मागे का लागलंय, ते आधी समजून घेऊ. पर्यावरण हे एक कारण आहे, पण ते पहिलं नाही. पहिलं कारण तिजोरी.

राज्यात मार्च २०२४ अखेर ४७ लाख ४१ हजार शेतीपंपांचे ग्राहक होते. एकूण वीज ग्राहकांत ते १६ टक्के, पण विजेचा वापर ३० टक्के. वर्षाला ३९,२४६ दशलक्ष युनिट. हे सरकारचेच आकडे, मोफत वीज योजनेच्या आदेशातले. ही वीज शेतकऱ्याला कधीच पूर्ण दराने दिली जात नव्हती. काही भार सरकार अनुदानातून उचलायचं, काही कारखान्यांच्या आणि दुकानांच्या बिलात चढवला जायचा. जुलै २०२४ मध्ये, विधानसभा निवडणुकीच्या चार महिने आधी, मुख्यमंत्री बळीराजा मोफत वीज योजना आली. साडेसात एचपीपर्यंतच्या पंपाला एप्रिल २०२४ ते मार्च २०२९ बिल माफ. ४४ लाख शेतकरी त्यात बसतात आणि वर्षाचा खर्च १४,७६० कोटी रुपये.

ज्यांना २००४ आठवत असेल ते इथे हसतील. तेव्हाही विधानसभेच्या तोंडावर सुशीलकुमार शिंदे यांच्या सरकारने शेतीला फुकट वीज जाहीर केली होती. शून्याची बिलं हातात पडली. निवडणूक झाली, आणि पुढच्याच वर्षी विलासराव देशमुख यांच्या सरकारने ती सवलत मागे घेतली. पुढची दोन-चार वर्षं बारा-बारा तासांचं भारनियमन सोसलं ते वेगळं. यावेळी मुदत पाच वर्षांची आहे, पण तीन वर्षांनी आढावा घेऊन पुढचं ठरवू, असंही आदेशातच म्हटलंय.

म्हणजे सरकारपुढे दोनच वाटा. एक, दरवर्षी हजारो कोटी ओतत राहायचे. दोन, शेतीची वीज मुळातच स्वस्त करायची. सौर प्रकल्पातून वीज युनिटला तीन रुपयांच्या आसपास पडते. मुख्यमंत्री देवेंद्र फडणवीस भाषणात नेहमी सांगतात, आठ रुपयांची वीज आता तीन रुपयांत. यात तथ्य आहे, पण हे दोन आकडे एकाच तराजूत घालण्यासारखे नाहीत. तीन रुपये हा प्रकल्पाच्या दारातला भाव. आठ रुपयांत तारा, ट्रान्सफॉर्मर, गळती, माणसांचे पगार, सगळं धरलेलं असतं. बाजार समितीतला कांद्याचा भाव आणि शहरातल्या दुकानातला भाव एकत्र मांडण्यासारखं आहे ते. तरीही फरक मोठाच उरतो, कारण सौर वीज सबस्टेशनच्या जवळच तयार होते. चंद्रपूर-कोराडीहून शेकडो किलोमीटर तारांतून आणायची गरज नाही, वाटेतली गळती वाचते.

यात आणखी एक फायदा आहे, ज्याची चर्चा होत नाही. शेतीच्या नावावर दाखवलेल्या युनिटांत महावितरण स्वतःची गळती आणि चोरी दडवते, हा आरोप फार जुना आहे. वीज ग्राहक संघटनेचे प्रताप होगाडे वर्षानुवर्षे तेच सांगत आलेत. असंख्य पंपांना मीटर नाही, आहेत त्यातले कित्येक बंद. अंदाजाने युनिट धरायचे आणि बिल फाडायचं. आता फिडरला जोडलेल्या सौर प्रकल्पाला मीटर आहे, फिडरलाही मीटर आहे. शेती खरोखर किती वीज पिते, ते यातून कधी ना कधी बाहेर येईल. आले तर ते आकडे गावाने मागून घ्यावेत.

हवामानाचा भाग

हवामान बदल म्हणजे परदेशातल्या परिषदांचा विषय, असं आपल्याला वाटत होतं. सप्टेंबर २०२५ नंतर मराठवाड्यात असं म्हणायची कोणाची छाती नाही. गोदाकाठी, सीना-सिंदफणाकाठी सोयाबीन, कापूस, तूर तर गेलीच, मातीसुद्धा वाहून गेली. राज्य सरकारला ऑक्टोबरमध्ये ३१,६२८ कोटींचं पॅकेज जाहीर करावं लागलं. त्याच मराठवाड्यात २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला रेल्वेने पाणी आणावं लागलं होतं. दोन्ही गोष्टींत दहा वर्षांचंही अंतर नाही. जागतिक हवामान संघटनेने २०२४ हे मोजणी सुरू झाल्यापासूनचं सर्वात उष्ण वर्ष ठरवलं. तापलेली हवा जास्त बाष्प धरते आणि ते एकदम ओतते. मधे कोरडे खंड लांबतात. आपण 'पाऊस लहरी झाला' म्हणतो ते हेच.

यात शेतकऱ्याचा दोष किती? फार थोडा. पण कोळशाची एक युनिट वीज तयार करताना साधारण एक किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो. राज्यातल्या शेतीची सगळी वीज कोळशाची धरली, तर तो हिशोब वर्षाला साडेतीन-चार कोटी टनांवर जातो. तेव्हा शेतीचे फिडर सौरवर जाणं ही नुसती घोषणा नाही, त्यात खरंच वजन आहे. भारताने २०२१ साली ग्लासगोच्या परिषदेत २०३० पर्यंत ५०० गिगावॉट बिगर-कोळसा क्षमता आणि २०७० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जन असा शब्द दिला. २०२५ मध्ये देशाच्या एकूण वीज क्षमतेत बिगर-कोळशाचा वाटा निम्म्यावर गेला. पण क्षमता आणि प्रत्यक्ष तयार होणारी वीज यांत फरक असतो. पॅनल रात्री झोपतात. प्रत्यक्ष विजेत अजूनही सत्तर टक्क्यांच्या पुढेमागे कोळसाच आहे.

आणि कोळशालाही पाणी लागतं, हे मराठवाड्याला वेगळं सांगायला नको. परळीचं औष्णिक केंद्र २०१३ मध्ये आणि परत २०१५ मध्ये बंद ठेवावं लागलं, कोळसा नव्हता म्हणून नाही, खडका बंधाऱ्यात पाणी नव्हतं म्हणून. दुष्काळात पाणी जातं आणि पाठोपाठ वीजही जाते, हे आपण डोळ्यांनी पाहिलंय. सौर पॅनलला धुण्यापुरतं पाणी सोडलं तर पाणी लागत नाही. दुष्काळी भागासाठी ही मोठी जमेची बाजू.

इथपर्यंत सगळं बरोबर. गडबड पुढे आहे.

ऊन वाढतं तेव्हा पाणी आटतं

सौर पंप सर्वात जोरात कधी चालतो? मार्च, एप्रिल, मे. आभाळ स्वच्छ, दिवस मोठा. आणि आपल्या विहिरीत पाणी सर्वात कमी कधी असतं? तेव्हाच. पावसाळ्यात, म्हणजे विहिरी भरलेल्या असताना, ढगामुळे पंप मंद चालतो. म्हणजे यंत्र आणि पाणी यांचं वेळापत्रक नेमकं उलटं.

आपल्या जमिनीखाली दख्खनचा काळा पाषाण आहे. राज्याचा ऐंशी टक्क्यांच्या आसपास भाग याच खडकावर बसलाय. वाळूच्या थरासारखं यात पाणी साठत नाही. वरचा मुरूम आणि खडकातल्या भेगा, एवढीच जागा. तुमच्या विहिरीतलं आणि शेजारच्या बोअरमधलं पाणी बहुतेक वेळा एकाच भेगेतलं असतं. त्याने तीनशे फूट नेला की तुमच्या साठ फुटी विहिरीचा तळ उघडा पडतो. मग तुम्ही चारशे फूट नेता. वरुड-मोर्शीच्या संत्रा पट्ट्यात हेच होत होत बोअर हजार फुटांपर्यंत गेले. रावेर-यावलच्या केळी पट्ट्यातही भूजलाची परिस्थिती अशीच ओढाताणीची.

हे होऊ नये म्हणून कायदा आहे. महाराष्ट्र भूजल अधिनियम २००९ चा, अंमल २०१४ पासून. शेतीसाठी ६० मीटरपेक्षा, म्हणजे दोनशे फुटांपेक्षा खोल विहीर किंवा बोअर घ्यायला त्यात मनाई आहे. आता तुमच्या गावात दोनशे फुटांच्या आतले बोअर किती, ते मोजा. फार वेळ लागणार नाही.

केंद्राच्या पीएम-कुसुम योजनेतही, जी २०१९ पासून आहे, एक अट आहे. भूजलाचा उपसा जिथे हाताबाहेर गेलाय तिथे नवा सौर पंप द्यायचा नाही. जुना डिझेल पंप बदलून द्यायचा, तोही ठिबक-तुषार वापरत असेल तरच. अट शहाणपणाची आहे. पण 'मागेल त्याला' या नावातच राजकारण आहे. मागणाऱ्याला नाही कोण म्हणणार? लाभार्थ्याने फक्त दहा टक्के भरायचे, अनुसूचित जाती-जमातीच्या शेतकऱ्याने पाच टक्के. अडीच एकरापर्यंत तीन एचपी, पाच एकरापर्यंत पाच एचपी, त्यावर साडेसात एचपी. पंपाचा आकार जमिनीवरून ठरतो, विहिरीत पाणी किती यावरून नाही. इथेच मेख आहे.

त्यात शेततळ्याची भर पडते. शेततळं होतं पावसाचं वाहतं पाणी अडवायला. आपल्याकडे काय होतं? प्लॅस्टिक कागद अंथरायचा आणि ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये विहिरीतून, बोअरमधून उपसून ते भरून ठेवायचं, म्हणजे उन्हाळ्यात मोसंबी-डाळिंबाला होतं. ज्याचं तळं मोठं त्याने गावाच्या पोटातलं पाणी आधीच वर काढून स्वतःच्या नावावर केलं. त्यातलं किती उन्हाने उडून जातं ते वेगळं. आजवर हे भरायला विजेचे तास अपुरे पडायचे. आता सौर पंप दिवसभर मुकाट भरत राहणार, आणि त्याचा एक रुपया खर्च येणार नाही. बाग वाचवणाऱ्याला दोष देऊन उपयोग नाही, त्याने कर्ज काढलेलं असतं. पण शेजारच्या कोरडवाहू माणसाने काय करायचं?

दुसरी बाजूही सांगायला हवी. रात्रीच्या लाईटमुळे पाणी वाया जात होतं हे खरं. सगळ्यांनी ऑटो स्विच लावलेले. लाईट आली की गावातल्या सगळ्या मोटारी एकदम उठणार, डीपीवर ताण येणार, आणि शेतकरी घरात झोपलेला, पाणी ओढ्यात. दिवसा माणूस समोर असतो, वाफा भरला की दार मोडतो. हुशार शेतकरी दिवसाच्या विजेवर कमी पाण्यात भागवू शकतो. तेव्हा दिवसा वीज आली म्हणजे विहिरी आटणारच, असं मी म्हणत नाही. फिडरवरच्या आठ तासांना निदान मर्यादा तरी आहे. स्वतंत्र सौर पंपाला तीही नाही, म्हणून जास्त काळजी त्याची आहे.

पंजाबने १९९७ पासून शेतीला फुकट वीज दिली. आज तिथल्या बहुतेक तालुक्यांत भूजल उपसा भरण्यापेक्षा जास्त आहे. २००९ मध्ये भाताची लावणी लवकर करायची नाही, असा कायदा करावा लागला. २०१८ मध्ये 'पाणी वाचवा, पैसे कमवा' अशी योजना आणली: ठरलेल्या कोट्यापेक्षा कमी वीज वापरली तर वाचलेल्या युनिटला चार रुपये शेतकऱ्याला. फुकट दिलेलं परत घेता येत नाही, म्हणून न वापरल्याचे पैसे द्यायची वेळ आली.

पण हाच विचार गुजरातमधल्या ढुंडी गावाने आधीच करून दाखवला होता, आणि तिथे तो नाइलाज म्हणून नव्हता. खेडा जिल्ह्यातलं हे गाव. २०१६ मध्ये तिथल्या सहा शेतकऱ्यांनी आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या मदतीने सौर पंपांची सहकारी मंडळी काढली. पंप तारेला जोडलेले. पाणी हवं तेव्हा उपसा करायचा, नको तेव्हा तीच वीज कंपनीला विकायची. युनिटला ४ रुपये ६३ पैसे भाव ठरला. गंमत अशी की पैसे मिळायला लागल्यावर शेतकरी मोटार चालू करताना विचार करू लागला. वाफ्यात जास्त पाणी सोडलं तर आपलेच पैसे वाहून जातात, हे त्याला दिसत होतं. २०१८ मध्ये गुजरात सरकारने याच धर्तीवर सूर्यशक्ती किसान योजना आणली.

आपल्याकडे बांधावर बसलेला सौर पंप तारेला जोडलेला नाही. पीक काढलं की पॅनल रिकामे. पाच एचपीच्या पंपाला साधारण पाच किलोवॉटचे पॅनल असतात, ते चांगल्या उन्हात दिवसाला वीसेक युनिट देऊ शकतात. वर्षातले निम्मे दिवस ही वीज वाया. किंवा वाया जाऊ नये म्हणून पाणीच उपसायचं, शेजाऱ्याला विकायचं. साधा माणूस दुसरं काय करील? कडबाकुट्टी, पिठाची गिरणी चालवता येईल असा कंट्रोलर मिळतो, पण तो किती जणांकडे आहे?

गायरानाचा हिशोब

आता जमिनीचं. फिडरच्या सौर प्रकल्पाला एका मेगावॉटला चार-पाच एकर लागतात. खासगी जमीन दिली तर हेक्टरी वर्षाला किमान सव्वा लाख, म्हणजे एकरी पन्नास हजार रुपये भाडं, त्यात दरवर्षी तीन टक्के वाढ. सात-बारा तुमच्याच नावावर राहतो. खडकाळ, काही न पिकणाऱ्या रानाला हे भाडं वाईट नाही. बागायतीला देऊ नये, हे माझं मत.

पण सरकारचा पहिला डोळा सरकारी जमिनीवर आणि गायरानावर आहे, कारण ती नाममात्र भाड्याने देता येते. ग्रामपंचायतीला मिळतात वर्षाला ५ लाख, तीन वर्षं. एकूण १५ लाख.

जरा पेन घ्या. तीन मेगावॉटला बारा एकर धरू. खासगी माणसाची असती तर पहिल्या वर्षी सहा लाख भाडं. तीन टक्के वाढीने पंचवीस वर्षांत ते दोन कोटींच्या वर जातं. तीच जमीन गावाची असेल, तर गावाच्या हातात १५ लाख. शिवाय गायरानावर कोणाची तरी शेळी चरत होती, कोणी भूमिहीन पिढ्यान्‌पिढ्या तुकडा कसत होता. त्याचा हिशोब कुठल्याच रकान्यात येत नाही. सौर वीज स्वस्त पडते त्यामागे एक कारण हेही आहे, की गावाची जमीन फुकटात धरलेली आहे.

ऊर्जेसाठी जमीन देताना फसगत कशी होते, याला आपल्या राज्यात इतिहास आहे. धुळे जिल्ह्यातल्या विखरणच्या धर्मा पाटलांची पाच एकर जमीन वीज प्रकल्पासाठी घेतली आणि हातात चार लाख ठेवले. मोबदल्यासाठी हेलपाटे मारून चौऱ्याऐंशीव्या वर्षी, जानेवारी २०१८ मध्ये, त्यांनी मंत्रालयात विष घेतलं. बीड-धाराशिवकडे पवनचक्क्या आल्या तशी त्यांच्यामागे खंडणी आणि गुंडगिरीही आली. डिसेंबर २०२४ च्या मस्साजोगच्या सरपंचाच्या खुनाचं मूळ ऊर्जा कंपनीकडे मागितलेल्या खंडणीत असल्याचं आरोपपत्रात म्हटलंय. ऊर्जा हिरवी आहे म्हणून तिच्याभोवतीचे व्यवहार आपोआप स्वच्छ होत नाहीत.

पैठणचंही तेच. जायकवाडीच्या पाण्यावर तरंगते सौर पॅनल टाकायचा प्रकल्प आहे. जायकवाडी पक्षी अभयारण्य आहे आणि शेकडो भोई-कहार कुटुंबांची मासेमारी त्यावर आहे. कहार समाजाची पंच कमिटी हरित न्यायाधिकरणात गेली, तिथून सुप्रीम कोर्टात. एप्रिल २०२५ मध्ये कोर्टाने याचिका फेटाळली. प्रत्येक प्रकल्पाला विरोध झाला तर देश पुढे कसा जाणार, असा कोर्टाचा सूर होता. देश पुढे जावाच. पण मच्छीमाराच्या जाळ्याला किती पाणी उरणार, हे त्याला आधी बसवून कोणी सांगायचं?

गावाच्या हातात काय आहे

बरंच आहे. अहिल्यानगर जिल्ह्यातल्या हिवरे बाजारने शेतीसाठी बोअर घ्यायचाच नाही असं ठरवलं आणि पाळलं. दरवर्षी पाऊस मोजायचा, विहिरी मोजायच्या आणि मग यंदा कोणती पिकं घ्यायची ते ग्रामसभेत ठरवायचं. उसाला, केळीला नाही म्हणायचं. पोपटराव पवारांचं गाव आहे म्हणून जमलं, असं लोक म्हणतात. असेल. पण त्यांनी सुरुवात केली तेव्हा त्यांच्याकडे सौर पंप नव्हता, स्मार्टफोन नव्हता, आणि पाऊस आपल्यापेक्षा काही फार नव्हता.

भूजल सर्वेक्षण आणि विकास यंत्रणेच्या निरीक्षण विहिरी जिल्हाभर आहेत. त्यांची पातळी वर्षातून चार वेळा मोजतात: पावसाळा संपल्यावर, जानेवारीत, मार्चमध्ये आणि मेमध्ये. आपल्या गावाजवळची निरीक्षण विहीर कोणती आणि तिची मागच्या पाच-दहा वर्षांची पातळी काय, हे यंत्रणेच्या जिल्हा कार्यालयात मागता येतं. सौर पंप बसण्याआधीचे आणि नंतरचे आकडे शेजारी मांडले की भाषणाची गरज पडणार नाही.

प्रकल्पाला गायरान द्यायचा विषय ग्रामसभेत आला तर हात वर करण्याआधी दोन-तीन गोष्टी विचाराव्यात. आपल्याच फिडरला ही वीज मिळणार का, आणि दिवसा किती ते किती? ढग आले तर महावितरण मागून पुरवठा देणार का? करार संपल्यावर पॅनल कोण उचलणार? आणि पंधरा लाखांच्या पुढे काय? शेतकरी उत्पादक कंपनीने किंवा गटाने स्वतः छोटा प्रकल्प टाकायची वाट पीएम-कुसुममध्ये होती. दोन मेगावॉटपर्यंतचे प्रकल्प शेतकऱ्यांनी उभारावेत अशीच कल्पना होती. प्रत्यक्षात हजारो मेगावॉटच्या निविदा निघाल्या आणि त्या मोठ्या कंपन्यांनी घेतल्या. बँक गटाला कर्ज देत नाही, कंपनीला देते. साखर कारखाना काढणाऱ्या महाराष्ट्रात सौर सहकारी संस्था निघू नये, हे जरा नवलच.

ज्यांनी सौर पंप बसवलाय त्यांच्यासाठी: देखभालीची जबाबदारी पाच वर्षं पुरवठादार कंपनीची आहे आणि विमाही आहे. वाऱ्याने, गारपिटीने पॅनल फुटले तर लगेच फोटो काढून तक्रार करा, तक्रार क्रमांक लिहून ठेवा. तोंडी सांगून वायरमन येत नाही, तसा कंपनीचा माणूसही येत नाही. पाच वर्षांनंतर मोटार, कंट्रोलर तुमच्या खिशातून. बहुतेक पंपांची ती पाच वर्षं २०२९-३० च्या सुमारास संपतील, आणि मोफत विजेची मुदत मार्च २०२९ ला संपते. त्याच वर्षी लोकसभा आणि विधानसभा, दोन्ही निवडणुका आहेत.